मावशींना १२, मला २४

मा. संचालक,
राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था (निम्हान्स),
बंगळुरू यांस,



मी अनुवादक आहे. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, विम्याचे अर्ज, आरोग्याची पत्रकं असला कोरडा मजकूर मराठीत आणणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. २०२० च्या मे महिन्यात एका संशोधक मैत्रिणीने मला दहा प्रश्न पाठवले आणि म्हणाली, उद्यापर्यंत मराठी करून दे, दहाच तर वाक्यं आहेत. त्या दहा वाक्यांनी माझे चार दिवस खाल्ले. पैसे मिळायचे नव्हतेच. पण त्या चार दिवसांत जे लक्षात आलं ते योग्य माणसाच्या कानावर घालावं असं तेव्हापासून मनात आहे.

प्रश्न आपल्या परिचयाचे आहेत. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८३ साली ते प्रसिद्ध केले. आधी चौदा होते, पुढे दहा झाले. गेल्या महिन्याभरात अमुक असं किती वेळा वाटलं, एवढंच विचारायचं. उत्तरं पाच: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, बेरीज चाळीसपर्यंत, आणि बेरीज मोठी तितका ताण जास्त. या मोजपट्टीतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे ती 'काय झालं' हे विचारतच नाही. नोकरी गेली का, घरात कोणी दगावलं का, याच्याशी तिला कर्तव्य नाही. जे झालं ते आपल्याला झेपतंय असं त्या माणसाला वाटतं का, तेवढंच ती बघते. एकाच्या डोक्यावरून पाणी जातं तिथे दुसरा गुडघाभर पाण्यात उभा असतो, हे तिला ठाऊक आहे.

कोविडच्या टाळेबंदीतल्या त्या दोन-तीन महिन्यांत हे प्रश्न जगभर फिरले. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठातल्या मंडळींनी पुढाकार घेतला आणि ३० मार्च ते ३० मे २०२० या काळात चाळीसहून अधिक भाषांत एक ऑनलाइन पाहणी झाली. पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांनी ती भरली. तिच्यात हीच मोजपट्टी होती. घरात कोंडून बसलेल्या संशोधकांनी एवढं काम उभं केलं आणि जमलेली सगळी माहिती पुढे कोणालाही वापरायला खुली ठेवली, याचं मला कौतुकच आहे. पत्र लिहिणाऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं. माझा प्रश्न बेरजांच्या तुलनेचा आहे. एका देशाची सरासरी १५ आणि दुसऱ्याची २० आली, तर दुसऱ्या देशातली माणसं जास्त ताणाखाली आहेत असं म्हणायचं का?

माझ्यापुरती अडचण भाषेपासूनच सुरू झाली. 'स्ट्रेस'ला कोशातला शब्द ताण. पेपरात, भाषणात, डॉक्टरांच्या तोंडी तो चालतो. घरात आपण टेन्शन म्हणतो, आणि हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही, त्याला मराठी सवयी लागल्या आहेत. टेन्शन नुसतं कधी नसतं, ते कशाचं तरी असतं: हप्त्याचं, दहावीचं, पोरीच्या लग्नाचं, पावसाचं. शिवाय टेन्शन येतं, कोणीतरी देतं, आणि मुख्य म्हणजे आपण ते घेतो. 'टेन्शन घेऊ नको' हा तर आपल्याकडे फुकट मिळणारा पहिला सल्ला. त्यामुळे 'महिन्याभरात किती वेळा टेन्शन आलं' असं विचारलं की समोरच्याला वाटतं, आपला कमकुवतपणा शोधताहेत. तो पटकन म्हणतो, छे, मी नाही घेत.

काळजीची गंमत आणखी वेगळी. मराठीत काळजी वाटते, काळजी करतात आणि काळजी घेतात. चिंता आणि जिव्हाळा दोन्ही एकाच शब्दात नांदतात. त्या दिवसांत प्रत्येक फोन 'काळजी घ्या'वर संपायचा. 'तुम्ही किती काळजी करता' हा प्रश्न एखाद्या आईला विचारून बघा. ती 'नेहमी'वर खूण करील आणि त्यात तिला काही दुखणं सांगितल्यासारखं वाटणार नाही, उलट आपण कर्तव्याला चुकलो नाही असंच वाटेल.

आणि तो नियंत्रणाचा प्रश्न. आयुष्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हातात नाहीत असं किती वेळा वाटलं? अमेरिकेत या प्रश्नाला 'नेहमी' म्हणणारा माणूस हवालदिल झालेला असावा, असं मोजपट्टी धरून चालते. आमच्या नात्यातले एक आजोबा पन्नास वर्षं वारी करत होते. त्या वर्षी पालख्यांच्या पायी सोहळ्याला परवानगी नव्हती, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आजोबांना मी हा प्रश्न विचारला तर म्हणाले, "आपल्या हातात कधी काय होतं?" आणि अगदी शांतपणे चहा पीत राहिले. चार गुण. त्यांच्या आयुष्यभराच्या निवांतपणाचं जे मूळ, तेच या कागदावर ताण म्हणून मोजलं गेलं.

चौथ्या दिवशी मी मावशींना फोन लावला. मावशी आमच्याकडे पोळ्या करायला यायच्या. मार्चअखेरपासून त्या पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत, दहा बाय बाराच्या खोलीत, पाच माणसांसह अडकलेल्या. म्हटलं, मावशी, दहा प्रश्न विचारते, सरकारी नाहीत, माझ्या कामाचे आहेत.

"विचारा की ताई."

पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. 'किती वेळा' हे त्यांना मोजण्यासारखं वाटेना. "म्हंजे रोज का कसं?" मग मी पाच उत्तरं पुन्हा वाचली. पाचही लक्षात ठेवून त्यातलं एक निवडायचं, हे फोनवर कोणालाही जड जातं. मलाही गेलं असतं. मनासारखं घडतंय असं किती वेळा वाटलं, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "बरं चाललंय म्हणायचं ताई. वाईट कशाला बोला?" बऱ्याचदा धरू का? "धरा." चिडचिड किती वेळा झाली? "कोनावर चिडू?" म्हणजे कधीच नाही. अडचणींचा डोंगर झालाय असं वाटलं का? "ते गरिबाला असतंच की, त्यात नवीन काय." यावर खूण कुठे करायची ते मला कळेना. मी 'कधी कधी' लिहिलं. हे लिहिताना मला आजही शरम वाटते, कारण ते उत्तर मावशींचं नव्हतं, माझं होतं.

बेरीज १२ आली.

फोन ठेवता ठेवता त्या आपणहून म्हणाल्या, "रातचा डोळ्याला डोळा लागत नाही बघा. छातीवर जातं ठेवल्यागत होतंय. ह्यांचं काम बंद, मुकादम फोन उचलत नाही. पोरं झोपली की मी आपली उंबऱ्यात बसून राहते." हे मी कागदाच्या समासात लिहून घेतलं, कारण दहांपैकी एकाही चौकटीत ते मावत नव्हतं.

मग तोच कागद मी स्वतःसाठी भरला. घर तीन खोल्यांचं, काम घरून, किराणा सोसायटीच्या गेटपर्यंत येणारा. माझी बेरीज २४. इंटरनेटवर या मोजपट्टीच्या ज्या पायऱ्या फिरतात त्यांप्रमाणे १३ पर्यंत ताण कमी, १४ ते २६ मध्यम. म्हणजे मावशींना ताण कमी आणि मला मध्यम. कदाचित ते खरंही असेल. मावशी माझ्यापेक्षा खमक्या आहेत यात शंका नाही, आणि गरीब माणूस म्हणजे पिचलेलाच असणार हे धरून चालणं हीसुद्धा एक प्रकारची मगरुरीच. पण मोजपट्टी चुकली की माझी समजूत चुकली, हे सांगायला त्या कागदात काहीच सोय नव्हती. अडचण नेमकी ही आहे.

जाता जाता, या पायऱ्या कोहेन यांनी घालून दिलेल्या नाहीत. ही मोजपट्टी निदानासाठी नाहीच. एका गटाची दुसऱ्याशी तुलना करायची, अमुक आकड्याच्या वर आजार असं नाही. तरी आपल्याकडे काय झालं? एप्रिल २०२० मध्ये भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने केलेल्या ऑनलाइन पाहणीत १,६८५ जणांच्या उत्तरांतून सुमारे ७४ टक्क्यांना मध्यम ताण असल्याचं निघालं. तो आकडा त्या १,६८५ जणांचा होता. वाचणाऱ्याला मात्र असं वाटतं की देशातल्या चारांपैकी तिघांची हीच गत आहे. जगावर संकट आलेलं असताना माणसं अस्वस्थ होणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात तर प्रसंगानंतरच्या तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेला आजारांच्या यादीतूनच बाहेर काढलंय. ती माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया, बहुधा थोड्या दिवसांत ओसरणारी. पण महासाथीत 'थोडे दिवस' ही गोष्टच उरली नव्हती. प्रसंग संपेल तेव्हा ना नंतरचं मोजायचं!

पूर्वी आपल्याकडे पायलीने धान्य मोजायचे. पण प्रत्येक मुलखाची पायली वेगळी, शेर वेगळा, मण वेगळा. या बाजारात दहा पायल्या आणि त्या बाजारात आठ पायल्या ऐकून कोणाकडे धान्य जास्त ते सांगता यायचं नाही, आधी पायली पायलीशी ताडून घ्यावी लागायची. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि तो घोळ मिटला. ताणाच्या बाबतीत आपण अजून १९५६ च्या आधीच्याच काळात आहोत. संख्याशास्त्रज्ञांकडे पायल्या ताडून बघायची रीत आहे, ती मला मैत्रिणीने समजावली: दोन समाजांत प्रश्न एकमेकांशी तसेच बांधलेले आहेत का, प्रत्येक प्रश्नाचं वजन सारखं पडतं का, आणि सारख्याच ताणाचा माणूस दोन्हीकडे सारखीच खूण करतो का. शेवटची पायरी सर्वांत अवघड. १९९५ च्या एका अभ्यासात जपान आणि तैवानमधली शाळकरी मुलं मधल्या खान्याकडे झुकलेली दिसली आणि अमेरिकेतली टोकाकडे. मग सरासऱ्यांच्या फरकात ताण किती आणि खूण करायची रीत किती?

हे ऐकून कोणी म्हणेल, मनाच्या मोजमापात असं व्हायचंच, त्यापेक्षा यंत्राने मोजा. यंत्राचीही एक गोष्ट सांगते. २०२० च्या डिसेंबरात मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या वर्णाच्या रुग्णांमध्ये ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दाखवतो. रक्त तपासलं तर ऑक्सिजन कमी, पण यंत्रावर आकडा ठीक, असा प्रकार गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट आढळला. प्रकाशाचा किरण, तोही कातडी बदलली की चुकतो. मग आपले प्रश्न तर शब्दांतून जातात.

त्या ऑक्सिमीटरनेच मला पुढचा मुद्दा सुचवला. १५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम झाली. आशाताई आणि त्यांच्याबरोबरची माणसं दारोदार फिरली, ताप बघितला, बोटाला यंत्र लावलं, जुने आजार विचारले. त्याआधी जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत घराघरांतून सुमारे सात हजार जणांचं रक्त घेतलं होतं. झोपडवस्तीत ५७ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, इमारतींमध्ये १६ टक्क्यांच्या. त्याच वॉर्डांतला हा फरक दिसला, कारण मोजणारे जिना चढून आणि गल्लीत शिरून मोजायला गेले होते. रक्तासाठी आपण दारात गेलो. मनासाठी मात्र व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली.

लिंक कोणाकडे पोचते? महासाथीच्या तोंडावर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं. बाकीच्या ६२ टक्के या लिंकच्या जगात नव्हत्याच. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघून, घरी मध्य प्रदेशात जायला गाडी मिळेल म्हणून, भुसावळच्या वाटेला लागले होते. त्यांच्या शिदोरीच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या सगळ्यांनी बघितल्या. त्या महिन्यात देशात सर्वांत जास्त ताण कोणावर होता हे सांगायला मोजपट्टी लागत नाही, असं मी चिडून मैत्रिणीला म्हटलं होतं. ती म्हणाली, लागते, कारण मोजलं नाही ते पुढच्या वेळी कोणी धरत नाही. तिचंच बरोबर होतं. चीनमध्ये ३१ जानेवारी २०२० पासून शांघायच्या मानसिक आरोग्य केंद्राने ५२,७३० जणांची पाहणी केली. तीही ऑनलाइनच, पण तिच्यात स्थलांतरित कामगार हा निराळा गट धरला होता, आणि सगळ्या व्यवसायांत सर्वांत जास्त मनस्ताप त्यांच्यातच निघाला. वेगळा रकाना होता म्हणून दिसलं.

ब्रिटनकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी. तिथे वर्षानुवर्षं त्याच घरांना तेच प्रश्न विचारायचा परिपाठ आहे. २०१८-१९ मध्ये मानसिक त्रासाची पातळी लक्षणीय असलेले १८.९ टक्के होते, एप्रिल २०२० मध्ये २७.३ टक्के. माणसं तीच, भाषा तीच, खूण करायची सवयही तीच. बदलली ती फक्त परिस्थिती. आपण मात्र मे महिन्यात मोजायला बसलो आणि फेब्रुवारीचा आकडा कोणाकडेच नव्हता. आपल्या संस्थेने २०१५-१६ साली केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण दारोदार जाऊनच झालं, सुमारे ३५ हजार प्रौढांचं, आणि नेटकं झालं. पण ते बारा राज्यांत होतं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, गोवाही नव्हता.

आता मागणं. या सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीचं काम आपल्याकडेच आहे. त्यात मराठी प्रश्न कोणीतरी चार दिवसांत उलथवून दिलेले नसावेत. हे कसं करायचं ते शिकायला फार लांब जायला नको, किंवा जरा लांब जाऊन परत यावं लागेल. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल नव्वदच्या दशकात झिंबाब्वेत हरारेला होते. तिथले लोक आपल्या दुखण्याला शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणत, म्हणजे विचार करकरून डोकं पिकणं. पटेल आणि सहकाऱ्यांनी बाहेरची प्रश्नावली शोनात आणण्याऐवजी दवाखान्यांत लोक जे बोलत त्यातून चौदा प्रश्न बांधले. १९९७ साली ते प्रसिद्ध झाले. हरारेच्या दवाखान्यांच्या आवारात बाकावर बसून शेजारणीचं मन हलकं करणाऱ्या आज्या पुढे हेच चौदा प्रश्न विचारू लागल्या. आणि पटेल १९९६ साली गोव्यात 'संगाथ' या संस्थेच्या उभारणीत होते. पुण्यातही मानसोपचार, सामान्य औषध, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार बाह्यरुग्ण विभागांत थकवा आणि अशक्तपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांचा अभ्यास झालेला आहे. अशक्तपणा! या एका शब्दाखाली महाराष्ट्रातल्या बायका काय काय सांगतात, ते कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसलं तरी कळेल.

आपल्याकडे शब्दांची वाण नाही. जिवाला घोर लागतो, डोकं भणभणतं, पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, हातापायातलं त्राण जातं, अन्न गोड लागत नाही. यातला कुठला शब्द गडचिरोलीत चालतो आणि कुठला सावंतवाडीत, कुठला हलक्या ताणाला आणि कुठला जीवघेण्या, हे आत्ता, साथ नसताना, बसून ठरवता येईल. त्यातले थोडे प्रश्न सगळ्या जगाशी ताडता येतील असे ठेवा, थोडे फक्त आपले. पाच उत्तरांऐवजी 'आठवड्यातले किती दिवस' असं विचारता येतं का, तेही बघा. मावशींना दिवस नक्की मोजता आले असते. आणि एकदा विचारून थांबू नका, त्याच घरांत दर दोन वर्षांनी जा.

एक अडचण मला सुटलेली नाही, तीही लिहिते. दारात जाणारं माणूस कोण? मार्च २०२० मध्ये घरी विलगीकरणात राहायचं तर डाव्या हातावर शिक्का मारत होते. ज्या दारावर सरकार शिक्का घेऊन आलं होतं, त्या दारावर ओळखपत्र गळ्यात घातलेल्या बाईने 'झोप लागते का' विचारलं तर खरं उत्तर कोण देईल? मावशींनीही खरं ते कागद संपल्यावरच सांगितलं, आणि तेही मी आठ वर्षांच्या ओळखीची असल्यामुळे. आशाताई गावातल्याच असतात, हा फायदा. गावातल्याच असतात म्हणून चार घरी बोलतील, ही भीती. यावर आपल्याकडच्या अनुभवी मंडळींनी काही ठरवलं असेल तर वाचायला आवडेल.

मावशी आता पुन्हा कामाला येतात. परवा हे पत्र लिहीत होते तेव्हा त्या कागदाबद्दल सांगितलं, १२ आणि २४ दोन्ही सांगितले. कणीक मळता मळता म्हणाल्या, "तुम्हाला चोवीस? तुम्ही फोनवर लई बातम्या बघायच्या ताई." मग हात धुऊन आल्या आणि समासात मी त्यांच्या नावे काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. वाचलं. 'छातीवर जातं' बरोबर आहे म्हणाल्या, पण उंबऱ्यात बसायचे ते झोप येत नाही म्हणून नव्हे, आत उकडायचं म्हणून. ते मी खोडलं आहे.

समासासह त्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,

आपली,
एक अनुवादक, पुणे